गॅसच्या कामाला कुणाला बोलवायचं?

अगं, तू पाठवलेला फ्लॅटचा व्हिडिओ मी बघितला. खोल्या चांगल्या आहेत, उजेड आहे, क्लास पायी जाण्यासारखा आहे. पण त्यात घरमालकाचा आवाज येतो बघ, ‘गॅसचं सगळं फिटिंग रेडी आहे ताई, तुम्ही फक्त टाकी आणून जोडायची,’ आणि त्यावर तू खूश होऊन ‘बरं झालं बाई’ म्हणतेस. तिथंच मला थांबून तुझ्याशी बोलावंसं वाटलं. गॅलरीतून स्वयंपाकघरात आलेला तांब्याचा पाइप, बाथरूमच्या आत दाराच्या वर टांगलेला गॅस गीझर आणि ओट्यावर आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेली शेगडी. हे सगळं कुणी बसवलं, कधी बसवलं, शेवटचं कुणी तपासलं? मालकाला विचारलंस तर म्हणेल, ‘आमचा एक माणूस आहे, फोन केला की येतो.’

आपल्याकडं हा ‘आमचा एक माणूस’ फार असतो. नळ गळला तोच, पंखा बंद पडला तोच, गॅसचा वास आला तरी तोच. माणूस भला असतो, हाताला गुण असतो, आणि अर्ध्या तासात दारात उभा राहतो हे तर सगळ्यात मोठं. नळाला, पंख्याला खुशाल बोलाव त्याला. गॅसला मात्र आधी एक विचारायचं: हे काम मुळात कुणाचं आहे? गॅसच्या घरात चार हद्दी असतात. टाकी, रेग्युलेटर आणि नळी ही एजन्सीची हद्द. शेगडी ही ती बनवणाऱ्या कंपनीची. भिंतीतून गेलेला पाइप ज्यानं टाकला त्याची. गीझर परत त्याच्या कंपनीचा. एका हद्दीतला माणूस दुसरीकडं शिरला की घोळ सुरू होतो. आणि काही झालं तर ‘ते माझं काम नव्हतं’ म्हणायला सगळे मोकळे.

तू लेकीच्या क्लाससाठी दोन वर्षं लातूरला राहायला चाललीस, आठ दिवसांच्या परीक्षेला नाही. लातूर पॅटर्नच्या नावानं पोरं येतात आणि त्यांच्या मागं आया येतात. गावाकडं घर चालू, नवरा तिथंच, आणि इकडं एक भाड्याचं स्वयंपाकघर मांडायचं. असली स्वयंपाकघरं कुणाचीच नसतात. मालकाला वाटतं भाडेकरू बघेल, भाडेकरूला वाटतं दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. मग नळी तशीच, कॉक तसाच, आणि एकामागून एक चार कुटुंबं त्यावर भाकरी भाजून निघून जातात.

सगळ्यात आधी तुझं कनेक्शन. इथली नांदेडची टाकी गाडीत टाकून नेऊ असं पाव्हणे म्हणत होते ना? त्यांना सांग, ते नको. रेल्वेत आणि एसटीत तर भरलेली टाकी चालतच नाही, पण गाडीतून नेली तरी कागदावर कनेक्शन नांदेडच्याच पत्त्यावर राहतं. आणि तो पत्ता महत्त्वाचा आहे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला वेगळा भरावा लागत नाही, म्हणून तो आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. गॅसच्या अपघातात माणूस दगावला तर माणशी 6 लाख रुपये, दवाखान्याच्या खर्चाला माणशी 2 लाखांपर्यंत आणि घराच्या नुकसानीला एका घटनेत 2 लाखांपर्यंत अशी त्यात तरतूद आहे. पण घराचं नुकसान म्हणजे कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदलंय त्या घराचं. नांदेडच्या पत्त्यावरची टाकी लातूरला वापरत बसलीस तर मागायला तोंडच राहणार नाही.

म्हणून इथल्या एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करायचं, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, कागदावर असलेलं डिपॉझिट परत घ्यायचं आणि लातूरला त्या व्हाउचरवर पुन्हा कनेक्शन जोडून घ्यायचं. तिथं आजच्या दरानं डिपॉझिट भरावं लागेल, ते जास्त असेल, त्याला इलाज नाही. मधल्या दिवसांत चूल थांबू नये म्हणून 5 किलोची छोटी टाकी घे. इंडियन ऑइल तिला ‘छोटू’ म्हणतं, ओळखपत्र दाखवलं की मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. खोलीवर राहणाऱ्या पोरांसाठी ती फार सोयीची आहे. पण एजन्सीतूनच घ्यायची, शिक्का असलेली. क्लासच्या गल्ल्यांमधून कुठं कुठं बिनशिक्क्याच्या टाक्या मोठ्या टाकीतून भरून देतात, किलोच्या भावानं. त्या दुकानात तू जाऊ नको, आणि लेकीच्या मैत्रिणी खोलीवर तसलं काही वापरत असतील तर त्यांच्या आयांना फोन कर. वाईटपणा आला तरी चालेल.

आता एजन्सीचा मेकॅनिक. लातूरला कनेक्शन जोडलं की पहिली जोडणी त्याच्याच हातून करून घे, आणि त्याला घाई करू देऊ नको. तो रेग्युलेटर बसवेल, शेगडी पेटवून दाखवेल आणि निघेल. निघू द्यायचं नाही. आधी त्याच्याकडून नवी सुरक्षा नळी घ्यायची. तीच ती केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली. जुनी हिरवी साधी रबरी नळी असेल तर ती काढून त्याच्यासमोरच कात्रीनं दोन तुकडे कर, नाहीतर मालक उद्या दुसऱ्या खोलीत लावेल. सुरक्षा नळीवर आयएसआयचा शिक्का असतो, आयएस 9573 असं छापलेलं असतं आणि वापराची मुदतही असते. साधारण पाच वर्षं धरतात. लांबी दीड मीटरच्या वर नको, मध्ये जोड नको, आणि भिंतीला भोक पाडून त्यातून ओढलेली तर मुळीच नको. आत काय झालंय ते दिसत नाही म्हणून. आपल्याकडं उंदरांचा त्रास किती ते तुला सांगायला नको. तारेची नळी त्यांच्या दाताला पुरून उरते, साधी नळी एका रात्रीत कुरतडून ठेवतात.

टाकी घेतानाही तीन गोष्टी बघायच्या, आणि त्या पोचवणाऱ्या पोराकडून दारातच करून घ्यायच्या. त्याच्याकडं काटा असलाच पाहिजे. रिकाम्या टाकीचं वजन टाकीच्याच कड्यावर लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे आणि काट्यावर तेवढं भरतं का बघायचं. दुसरं, कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे वर्षअखेर. त्या मुदतीच्या आत टाकीची तपासणी व्हायला पाहिजे असा त्याचा अर्थ. मुदत उलटून गेलेली टाकी आली तर परत पाठवायची. तो म्हणेल ‘काही होत नाही मावशी’. होऊ दे त्याला म्हणायला. तिसरं, झाकण काढल्यावर तोंडाशी आतमध्ये काळी रबरी रिंग आहे का, ती चिरलेली नाही ना, हे त्यालाच बघायला लाव. रेग्युलेटर बसवल्यावर वास येतो त्याचं कारण पुष्कळदा ही रुपया-दोन रुपयांची रिंगच असते. ती बदलणं त्याचं काम आहे आणि त्याच्या खिशात ती असते.

एजन्सीकडून दर पाच वर्षांनी घरात येऊन सक्तीची तपासणी होते, तिचं ठरलेलं शुल्क असतं आणि पावती मिळते. याच तपासणीच्या नावावर दुपारच्या वेळी, घरात बायकाच असतात हे बघून, गळ्यात ओळखपत्र घातलेली दोघं-तिघं येतात. आपल्या नांदेडात भाग्यनगरला, तरोड्याला येतात तशी लातूरलाही येणार. आल्या आल्या नळी वाकवून दाखवतात, ‘बघा, चिरा गेल्यात, केव्हाही फुटेल’ म्हणतात, आणि पिशवीतली नळी तिप्पट भावानं गळ्यात मारतात. पावती मागितली की कुठल्या तरी ‘एंटरप्रायझेस’ची देतात. उपाय सोपा आहे. दार उघडायच्या आधी आपल्या एजन्सीला फोन लाव आणि विचार, आज तुमचं कुणी या भागात आहे का? नंबर टाकीच्या पुस्तकावरचा घ्यायचा, मोबाइलवर शोधून सापडलेला नाही, तिथं भामट्यांनी आपलेच नंबर टाकून ठेवलेले असतात. खरा मेकॅनिक दहा मिनिटं दारात थांबतो. खोट्याला लगेच दुसऱ्या घरी जायची घाई होते.

शेगडीचं मी थोडं सैल बोलेन. कंपनीचा माणूस बोलावणं उत्तम, पण लातूरला त्याची वाट बघत बसण्यापेक्षा गंजगोलाईच्या आसपास शेगडी दुरुस्तीची दुकानं आहेतच, आणि नॉब जाम झाला, बर्नर भरला एवढ्यासाठी त्यांच्याकडं जायला माझी हरकत नाही. फक्त शेगडी उचलून दुकानात न्यायची, त्याला घरी बोलावून टाकीशी खेळू द्यायचं नाही. आणि तिथं उभं राहून दोन गोष्टींवर नजर ठेवायची.

पहिली, जेट. बर्नरच्या खाली पितळेचा छोटा खिळ्यासारखा तुकडा असतो, त्याच्या टोकाला केसाएवढं भोक. गॅस तिथून बाहेर येतो आणि बाजूच्या खिडकीतून हवा ओढून घेत बर्नरमध्ये जातो. भोकात कचरा अडकला की ज्योत मंद होते. चांगला कारागीर जेट खोलून फुंकून, पातळ तारेनं साफ करतो, आणि झिजला असेल तर त्याच मापाचा नवा बसवतो. वाईट कारागीर जाड पिन घालून फिरवतो. ज्योत लगेच मोठी होते, आपण खूश. पण भोक मोठं झालं म्हणजे गॅस जास्त आणि हवा तेवढीच. आठ दिवसांत पातेल्यांची बुडं काळी, ज्योतीला पिवळे शेंडे, आणि टाकी महिन्याच्या आधी संपलेली. ज्योत निळी आणि बर्नरला चिकटून बसलेली असली तरच पैसे दे. पिवळी असली की ‘परत उघडा’ म्हण.

दुसरी गोष्ट, नॉब. तो जाम होतो कारण आतल्या कॉकचं ग्रीस वाळतं. त्याला गॅसच्या कॉकचंच ग्रीस लागतं. काही जण गोडं तेल नाहीतर मशीनचं तेल सोडतात, चार दिवस मऊ फिरतो आणि मग गळायला लागतो. ग्रीसचा डबा बघितल्याशिवाय काम सुरू करू देऊ नको. शेगडी नवीनच घ्यायची ठरवलीस तर आयएस 4246 चा शिक्का बघून घे, आणि एजन्सीवाला म्हणाला की कनेक्शनसोबत आमचीच शेगडी घ्यावी लागते, तर गोड हसून नाही म्हण. तशी सक्ती त्याला करता येत नाही.

त्या तांब्याच्या पाइपकडं मात्र मला जास्त वेळ बघायचंय. टाकी गॅलरीत, शेगडी आत, मध्ये भिंतीवरून पाइप, ही कल्पना चांगली आहे. टाकी मोकळ्या हवेत राहते. पण असला पाइप टाकणारे सगळे सारखे नसतात. मोठ्या हॉटेलांची, मंगल कार्यालयांची गॅसची कामं करणारे फिटर असतात, त्यांच्याकडं दाब तपासायचं गेज असतं. असा माणूस लातूरच्या एमआयडीसी भागात विचारलंस किंवा एजन्सीच्या मालकाला विचारलंस तर सापडेल. त्याला एकदा घरी आणायचा खर्च कर, आणि मालकाला आधीच सांग की हा खर्च भाड्यात वळता करणार. तो कुरकुरेल. करू दे.

फिटर आला की आधी डोळ्यांनी बघेल. पाइप भिंतीच्या वरून गेलाय की प्लॅस्टरमध्ये गाडलाय, भिंतीतून जातो तिथं बाहेरून मोठ्या नळीचं आवरण आहे का, जोड ब्रेझिंग करून जोडलेले आहेत की कुठं एमसील लिंपलंय. एमसील दिसलं की समज, तिथं कधीतरी गळत होतं आणि कुणीतरी झाकून ठेवलं. मग तो शेगडीकडचं टोक बंद करेल, दुसऱ्या टोकाला पंपानं हवा भरेल आणि गेज लावून थांबेल. काटा दहा-पंधरा मिनिटं जागचा हलला नाही पाहिजे. या वेळात चहा कर, पण तुझ्या त्या शेगडीवर नाही, शेजारणीकडून आण. काटा खाली आला तर जोड शोधायचा. आणि टाकी जोडल्यावर शेवटची परीक्षा फेसाची: वाटीत साबणाचं दाट पाणी, जुना दाढीचा ब्रश, आणि गॅस चालू पण सगळे नॉब बंद. रेग्युलेटरची मान, नळीची दोन्ही टोकं, पाइपचे कॉक, शेगडीचं नळी बसते ते तोंड, नॉबच्या खालची बाजू. एकेका जागेला फेस लावून मनात वीस म्हणेपर्यंत बघत राहायचं. गळत असेल तर फेसात एकच बुडबुडा हळूहळू फुगत जातो, फुटतो, आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागतो. एकदा बघितलास की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. काडी पेटवून बघणारा ‘अनुभवी’ भेटला तर त्याला तिथल्या तिथं घराबाहेर काढ, वयाचा मान वगैरे नंतर.

आणि एक, रेग्युलेटर आणि पाइप यांच्यामध्ये, तसाच पाइप आणि शेगडी यांच्यामध्ये, दोन्हीकडं बंद-चालू करायचा कॉक पाहिजे. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय तुला आईनं लावलीये. गॅलरीत जायचा कंटाळा म्हणून ती मोडू नको.

गीझर. यावर मी भांडायला तयार आहे. व्हिडिओत तो बाथरूमच्या आत आहे, खिडकी म्हणजे वरची दोन काचेची पानं आणि तीही रंगानं चिकटलेली. धुराचा पाइप बाहेर काढलेला मला दिसला नाही. गॅस गीझर जळताना बंद खोलीतला प्राणवायू खातो, आणि प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो गॅसबरोबर जळून जातो, म्हणून नाकाला काहीच कळत नाही. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, आणि आंघोळ करणाऱ्याला वाटतं की उपाशी पोटी गरम पाणी घेतलं म्हणून असेल. पहाटे उठून, दार लावून, क्लासची घाई असलेली सोळा वर्षांची पोरगी आत आणि तू स्वयंपाकघरात. मला पुढचं लिहायचं नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यातली माणसं पुष्कळदा शिकली-सवरलेली असतात.

त्यामुळं मालकाला एकच सांग: गीझर बाहेर, गॅलरीत नाहीतर मोकळ्या डक्टला, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. बसवायला कंपनीचा अधिकृत माणूस, ‘आमचा एक माणूस’ नाही. मालक तयार झाला नाही तर गीझर बंद ठेव आणि विजेची बादलीतली कॉइलही नको, सरळ शेगडीवर पातेलं तापव. गीझर बाहेर निघेपर्यंत वापरायचाच झाला तर दार उघडं ठेवून बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, आणि मग आंघोळीला जायचं. आणखी एक जुगाड बघून ठेव, स्वयंपाकाच्या नळीलाच ‘टी’ मारून गीझरला गॅस दिलेला असतो. तसं दिसलं तर तो टी काढून टाक. गीझरला वेगळी टाकी, वेगळं रेग्युलेटर.

लातूरचं पाणी तुला माहीत आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते गाव. नळाला रोज पाणी नसतं, बोअरचं पाणी जड, आणि जड पाण्यानं गीझरच्या आतल्या तांब्याच्या नळ्यांवर खार चढतो. मग पाणी कोमट येतं, आपण गॅस वाढवतो, पाणी पुन्हा कोमट. अशा वेळी प्लंबर येऊन ‘गॅसचा फोर्स वाढवून देतो’ म्हणतो. त्याला हात लावू देऊ नको. खार काढणं हे सर्व्हिसचं काम आहे, गॅस वाढवणं हा इलाज नाही. आणि गीझर पेटतच नसेल तर आधी मोठे सेल बदलून बघ आणि वरच्या टाकीत पाणी आहे का बघ. पाण्याला जोर नसला तर तो पेटत नाही. एवढ्यासाठी कुणाला बोलावून पैसे घालवू नको.

वास आला तर काय करायचं ते लेकीलाही पाठ करून दे, कारण त्या वेळी तू बाजारात असशील. बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एक्झॉस्ट फॅनला तर नाहीच. रेग्युलेटर बंद, टाकीवर झाकण, दारं-खिडक्या सताड उघड्या. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, वरची खिडकी उघडून तो जात नाही. दार उघडून खालून वाट द्यायची. मग घराबाहेर जाऊन 1906 लावायचा. हा गॅसगळतीचा नंबर देशभर एकच आहे, तिन्ही तेल कंपन्यांना चालतो, रात्रंदिवस. त्यांचा माणूस आल्यावर ‘ताई आता चहा ठेवा’ म्हणाला तरच काडी ओढायची. भूकंपाचा धक्का बसला तरी आधी रेग्युलेटर. तुझं लातूर म्हणजे किल्लारीच्या भूकंपाचा जिल्हा, आणि 2024 मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोलीकडचे धक्के आपल्याला नांदेडात बसले होतेच. असा धक्का बसून गेला की भिंतीवरच्या पाइपच्या जोडांना पुन्हा एकदा फेस लावून बघायचा.

तू पाइपच्या गॅसचं विचारलंस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांचा परवाना युनिसन एन्व्हायरो या कंपनीकडं होता, ती 2024 च्या सुरुवातीला मुंबईच्या महानगर गॅसनं घेतली. तुमच्या कॉलनीत पाइप आला आणि मालकानं कनेक्शन घेतलं तर खुशाल घे, टाकी उचलण्याचा, नंबर लावण्याचा त्रास संपतो. पण एक बघ. तो गॅस मिथेन, आपल्या टाकीतल्यापेक्षा हलका आणि कमी दाबाचा. टाकीच्या गॅसचे जेट त्याला चालत नाहीत, मोठ्या भोकाचे बसवावे लागतात, आणि ते कंपनीचाच माणूस बसवतो. उद्या तीच शेगडी उचलून नांदेडला टाकीवर लावलीस तर ज्वाळा हातभर उठेल. म्हणून निघताना जेट पुन्हा बदलून घ्यायचे. हलका गॅस वर चढतो, त्यासाठी खोलीला वरच्या बाजूला झरोका लागतो. आणि मीटरच्या अलीकडं-पलीकडं कुठल्याही बाहेरच्या फिटरनं पाना लावायचा नाही. ओटा सरकवायचाय म्हणून गवंड्यानं पाइप वाकवला असं मी पुण्याला शेजारच्या घरात बघितलंय. गवंडी गेला, वास राहिला.

पैशाचं म्हणशील तर घासाघीस कर, पण ‘किती घेणार’ हे काम सुरू व्हायच्या आधी विचार, आणि पावतीवर काय काय केलं ते लिहून घे: नळी बदलली, कॉक बदलला, दाब तपासला, तारीख. मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपला त्याचा फोटो टाक. पुढं डिपॉझिट कापायची वेळ आली की तो फोटो बोलतो. मेकॅनिक घरात असताना शेजारच्या काकूंना हाक मारून बसवायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यालाही बरं वाटतं, कुणी नंतर आळ घ्यायला नको. एजन्सी दाद देत नसेल तर तेल कंपन्यांचा तक्रारीचा नंबर 1800 2333 555, आणि त्यानंही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये घाल, 1906 च्या खाली.

इथल्या एजन्सीत या आठवड्यात जाऊन ये. जाताना रेग्युलेटर, टाकी, कनेक्शनचा मूळ कागद आणि आधार घे. कागद सापडत नसेल तर आईच्या कपाटात खालच्या खणात निळ्या पिशवीत बघ, रेशनकार्डाबरोबर. दुसरी टाकी दादाकडं दिली होतीस ना? ती आधी परत माग. दोन टाक्यांचं कनेक्शन असलं तर दोन्ही जमा झाल्याशिवाय पूर्ण डिपॉझिट मिळत नाही, आणि दादा ती आणून द्यायला चार दिवस लावणार.